एकादशीची भरती आणि एकट्याची होडी

खाडीत एकट्याने शिडाची होडी काढायची तर सगळ्यात आधी लागतं ते भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर. होडी, शीड, वल्हं हे नंतर. मी मात्र उलटीकडून सुरुवात केली. तेरा फुटी फायबरची होडी घेतली, एका डोलकाठीवर एकच शीड बसवलं, मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि एका रविवारी दुपारी झक्क वारा सुटलेला बघून निघालो. धक्क्यावर जाळं शिवत बसलेल्या आबांनी मान वर न करता विचारलं, "सुकतीला निघालास? मग चहा चिखलातच पाठवू काय?" सुकती म्हणजे ओहोटी. मी हसून हात केला. त्या चहाची गोष्ट पुढे येईल.

ही खाडी दाभोळची, म्हणजे वाशिष्ठीचं समुद्राला मिळणारं अंग. उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला अंजनवेल, वेलदूर, धोपावे, आणि आत थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरतीचं पाणी पोचतं. २०१६च्या कायद्याने या ४५ किलोमीटरला 'राष्ट्रीय जलमार्ग २८' असं भारदस्त नाव मिळालं, आम्ही खाडीच म्हणतो. पुढे जे लिहितोय ते इथलं आहे. बाणकोट, जयगड, तेरेखोल किंवा मांडवीवर उतरणाऱ्याला बरंचसं तसंच लागू पडेल, फक्त आकडे आणि खुणा आपापल्या शोधाव्यात. दक्षिणेकडे जावं तसं पाण्याची चढउतार कमी होते. मुंबईला उधाणात पाणी जेवढं चढतं त्याच्या निम्म्याच्या आसपास गोव्यात.

तिथीला पाऊणपट

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी, ८ गुणिले पाऊण म्हणजे ६. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६च्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. चतुर्थीला ३. द्वादशीला ९. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोज भरती ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते.

हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की गणित हलतं, आणि अर्धा-पाऊण तासाचा फरक तर एरवीही पडतो. निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ते छापतो, आणि मोबाइलवरही भरतीच्या वेळा मिळतात. मग पाऊणपट कशाला शिकायची, असं कोणी विचारेल. भर खाडीत मोबाइल पाण्यात गेला तरी एकादशी एकादशीच राहते, म्हणून.

दुसरी गोष्ट, कोष्टकातली वेळ खाडीच्या तोंडाची असते. आत जाल तशी भरती उशिरा पोचते, आणि पाणी चढायला जेवढा वेळ घेतं त्याहून उतरायला जास्त घेतं. शिवाय पाण्याची पातळी चढायची थांबली म्हणजे ओढ त्याच क्षणी थांबली असंही नाही. मधल्या धारेत पाणी अजून आत सरकत असतं तेव्हा काठाला ते उतरायला लागलेलं दिसतं. हा फरक तुमच्या जागेपुरता किती आहे ते कुठलंही कोष्टक सांगणार नाही. धक्क्याच्या पायरीवर खडूने रेघ मारून तीन-चार दिवस बसावं लागतं. मी बसलो. आबांना ती कल्पना फार विनोदी वाटली.

दिवस निवडणं, म्हणजे अर्धं काम

आता या पाऊणपटीतून एक गंमत निघते. आमच्याकडे उधाणाची भरती नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्री येते, कारण उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतं. भांगाचे दिवस, म्हणजे पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते ते अष्टमी ते दशमीच्या आसपासचे; तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळी आणि दुपारी खाडीत चिखल. सौम्य पाणी हवं असेल तर पहाटे उठायला पर्याय नाही.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीकडून, पूर्वेकडून मतलई वारा येतो. हलका, थंड, एकसारखा. नऊ-दहाला तो पडतो. मग तासभर खाडी तेलासारखी गुळगुळीत होते, आणि अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा सुरू होतो तो सूर्यास्तापर्यंत. हा पश्चिमेचा वारा जोरकस असतो. फेब्रुवारीनंतर तो अधिक तापट होत जातो.

दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून बघा. पौर्णिमेला दुपारी भरती संपून ओहोटी लागते तेव्हा पाणी पश्चिमेला धावत असतं आणि वारा पश्चिमेकडून येत असतो. वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या तोंडाशी तर तेरा फुटी होडी डबा हलवल्यासारखी हलते. याउलट एकादशी-द्वादशीला भरती सव्वाआठ ते नऊची. सकाळी सातला निघालात तर भरती तुम्हांला आत नेते, समोरून हलका मतलई वारा येतो, त्यावर नागमोडी चढत जायचं. पाणी उलटलं की तोच वारा पाठीशी आणि ओहोटीही सोबतीला. साडेदहाच्या आत धक्क्यावर, खारा वारा जागा होण्याआधी.

म्हणून नवशिक्याने हिवाळ्यातली एकादशी किंवा द्वादशी धरावी, हे माझं ठाम मत आहे. फक्त उपास आदल्या दिवशी उरकून घ्या; एकट्याने होडी रिकाम्या पोटी चालवायची नसते.

आणखी एक कारण आहे. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास यांत पाण्याची ओढ सर्वांत कमी आणि खोली सर्वांत जास्त असते. पाणी सहा तास एका गतीने चढत नाही. चढण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. समजा एकूण २.४ मीटर चढणार असेल तर मधल्या दोन तासांतच १.२ मीटर चढून जातं. ते दोन तास खाडी नदीसारखी वाहते. तेव्हा एकट्याने, शिडावर, तिथे काम नाही.

जून ते सप्टेंबर होडी उलटी करून झाकून ठेवा. २२ जुलै २०२१ला याच वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. पावसाळ्यात इथे भरती-ओहोटीचा हिशेब पाऊस मोडून टाकतो. उन्हाळ्यातही वरच्या अंगाला एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते: कोयनेचं पाणी वीज तयार करून झाल्यावर कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत सोडलं जातं. त्यामुळे गोवळकोटच्या बाजूला ओहोटीत गोड्या पाण्याचा रेटा मिसळलेला असतो.

होडीत काय असावं

यादी लांबवत नाही. लाइफ जॅकेट अंगात, होडीत नव्हे; कमरेचे पट्टे आवळलेले. शिट्टी जॅकेटला बांधलेली. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. होडीच्या कप्प्यात ठेवलेला मोबाइल होडीबरोबर जातो आणि तुम्ही मागे राहता. दोन वल्ही, दोन लिटर पाणी, चाकू, पाणी उपसायला अर्धा कापलेला डबा दोरीने बांधून. पायात जुने बूट, कारण धक्क्याच्या दगडांवरची कालवं तळपाय ब्लेडसारखी कापतात. तटरक्षक दलाचा १५५४ आणि नेहमीचा ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये, आणि डोक्यातही.

दोन गोष्टींवर मात्र कंजुषी नको.

नांगर. एकट्याच्या होडीचा दुसरा माणूस म्हणजे नांगर. वारा पडला, दोरी गुंतली, घाबरायला झालं, लघवीला जायचं आहे, काहीही असो, आधी नांगर टाका आणि मग विचार करा. रुंद पात्यांचा चार-पाच किलोचा लोखंडी नांगर चिखलात चांगला धरतो. दोरी खोलीच्या किमान पाचपट हवी. पाच मीटर पाण्यात २५ मीटर, आणि भरती चढायची असेल तर चढणाऱ्या पाण्याचाही हिशेब धरा. दोरीचं दुसरं टोक होडीला आधी बांधा. हे लिहायची गरज पडू नये, पण खाडीच्या तळाशी माझा एक नांगर २५ मीटर दोरीसकट पडलेला आहे.

दुसरं, तरंगणं. उलटल्यावर पाणी भरलेली होडी काठोकाठ बुडून राहते आणि एकटा माणूस ती उपसू शकत नाही. २० लिटरचे रिकामे, घट्ट बुचाचे प्लॅस्टिकचे कॅन बाकाखाली बांधा. एक कॅन साधारण २० किलोचा भार उचलतो. मी सहा बांधले आहेत, दोन्ही बाजूंना तीन-तीन. नुसते कोंबून ठेवू नका. सुटलेला कॅन तुमच्या आधी दाभोळला पोचेल.

होडीच्या नोंदणीचं काय, ते जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारून घ्या. महाराष्ट्र सागरी मंडळाची ती कार्यालयं आहेत. आणि घरी कागदावर लिहून ठेवा: कुठून निघालो, कुठवर जाणार, किती वाजता फोन करणार, नाही आला तर कोणाला कळवायचं. माझ्या घरी फ्रिजवर तो कागद असतो. ११:३०पर्यंत फोन नाही तर आबा, आबांनी उचलला नाही तर ११२.

आधी एकदा उलटून घ्या

पहिल्या फेरीच्या आधी होडी मुद्दाम उलटवा. भरती चढत असताना, धक्क्याजवळ, छातीइतक्या पाण्यात, काठावर एक माणूस उभा असताना. होडी आडवी झाली की पहिलं काम म्हणजे होडी न सोडणं. पोहत काठाला जाणारे बुडतात, होडीला धरून राहणारे सापडतात. मग शिडाची ओढदोरी, ज्याला शीट म्हणतात, ती मोकळी आहे ना ते बघा. अडकलेली असेल तर होडी सरळ होताक्षणी शीड वारा धरून पुन्हा आडवी करेल. तळाच्या बाजूला जा, सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली उतरणाऱ्या फळीवर, पाय देऊन होडीचा काठ धरा आणि अंगाचं वजन मागे टाका. शीड पाण्यातून सुटायला वेळ लागतो. हिसके मारू नका, लोंबकळत राहा. होडी सरळ झाली की मागच्या बाजूने चढा, बाजूने नाही. चढता येत नसेल तर मागे दोरीचं एक रिकिबीसारखं कडं बांधून ठेवा. मला पहिल्यांदा चार प्रयत्न लागले आणि दोन दिवस बरगड्या दुखत होत्या.

हा सराव खालच्या भागातच करा. वर चिपळूणच्या दिशेने मगरी आहेत, चिखलाच्या उतारावर ऊन खात पडलेल्या दिसतात. लोक त्या बघायला होडीतून जातात, पाण्यातून नाही.

निघताना

समजा द्वादशी आहे, भरती ९ची. साडेसहाला धक्क्यावर या. आधी दहा मिनिटं काही करू नका, नुसतं बघा. नांगरलेल्या होड्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठे आहे? हलक्या वाऱ्यात होड्या पाण्याच्या ओढीकडे तोंड करतात. पश्चिमेला तोंड असेल तर पाणी आत येतंय.

ओढ किती आहे ते मोजायला नारळाचं सुकं सोडण पुरतं. होडी बांधलेली असताना ते नाळेपाशी टाका आणि ओढीबरोबर मागच्या टोकापर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजा. होडी चार मीटरची आणि चार सेकंद लागले तर सेकंदाला एक मीटर, म्हणजे तासाला ३.६ किलोमीटर. हलक्या वाऱ्यात तुमची होडी तासाला पाच किलोमीटर जात असेल तर या पाण्याविरुद्ध हातात उरतात दीड. चार सेकंदांऐवजी दोन लागले तर आज घरी जाऊन पोहे खा.

शीड चढवायचं ते नाळ वाऱ्याकडे असतानाच. शीट मोकळी, सेंटरबोर्ड खाली, मग दोरी सोडायची. एकट्याने शीट कधीही गाठ मारून बांधू नये. हातात धरा, हात दुखला तर एक वळसा घाला, पण असा की एका हिसक्यात सुटेल. झोत आला की शीट सोडली की होडी शांत होते. ही एक सवय अंगात मुरली तर उलटण्याचे निम्मे प्रसंग येतच नाहीत.

पहिल्या वर्षासाठी एक रेघ मनात आखा. दाभोळ-धोपावे फेरीबोट जिथून जाते तिच्या पश्चिमेला एकट्याने जायचं नाही. पलीकडे खाडीचं तोंड, वाळूचा उथळ पट्टा, त्यावर फुटणारी समुद्राची लाट, आणि अंजनवेलच्या टोकावरचं टाळकेश्वराचं दीपगृह. दिसायला फार सुंदर आहे. पण आतल्या बाजूला चूक झाली तर भरती तुम्हांला कुठल्या तरी वाडीच्या चिखलात नेऊन टाकते, तिकडे चूक झाली तर ओहोटी अरबी समुद्रात.

ती फेरीबोट मात्र धक्क्यावर उभं राहून जरूर बघा. गाड्यांनी भरलेली ती जड बोट समोरच्या धक्क्याकडे सरळ तोंड करून जात नाही. ओढीच्या वरच्या बाजूला तोंड तिरकं ठेवते आणि खेकड्यासारखी आडवी सरकत बरोबर धक्क्याला लागते. खाडी ओलांडायची ती तशीच. पलीकडच्या काठावर एकामागे एक अशा दोन खुणा धरा, पुढे माड आणि मागे देवळाचा कळस. दोन्ही एका रेषेत राहिल्या तर तुम्ही सरळ जाताय. कळस माडाच्या डावीकडे सरकला तर तुम्हीही डावीकडे वाहत चालला आहात, मग नाळ कुठेही असो.

पाणी वाचणं

वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि ओढ जास्त, आतल्या अंगाला उथळ आणि मंद. पाणी सोबतीला असेल तर बाहेरच्या अंगाने जा, विरुद्ध असेल तर आतल्या अंगाने, पण चिखलाचं भान ठेवून. वल्ह्यावर दर अर्ध्या मीटरला रंगीत चिकटपट्टी लावा, खोली मोजायला तेच पुरतं. नागमोडी चढताना काठाजवळ सेंटरबोर्ड खरखरला की ताबडतोब वळा. अजून दोन हात जाऊ, हा मोह महागात पडतो. आणि वाळू काढलेल्या जागांवर भरवसा ठेवू नका. गेल्या वर्षी गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा खड्डा असू शकतो, आणि शेजारी नवा ढीग.

सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे न हलणारी वस्तू. जाळ्यांचे खुंट, नांगरलेली होडी, धक्क्याचे खांब. ओढ तुम्हांला त्यांच्यावर नेऊन दाबते, होडी आडवी होते आणि पाणी आत शिरतं. अशा वस्तूच्या ओढीखालच्या बाजूने जायचं, वरून कधीही नाही. वारा पडलेला असेल तर दोनशे मीटर आधीच वल्हं हातात. खुंट मोडला किंवा जाळं फाटलं तर नुकसान कोणाचं तरी होतं, आणि खाडीत तुम्ही ज्याला हाक मारणार तो बहुधा तोच असतो.

परतणं आणि रुतणं

भरती ९ची असेल तर ८:४५ला वळा. तुम्ही कुठवर पोचलात याला काही महत्त्व नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत धक्क्यापासून तीन किलोमीटरपलीकडे जाऊच नका. वळल्यावर पाणी काही वेळ उभं राहतं. तेव्हा थर्मासमधला चहा काढा. मग तिवरांच्या मुळांशी ओली रेघ दिसू लागते. ओहोटी लागली.

इथून पुढे मधली धार सोडायची नाही. भरतीत रुतलात तर दहा मिनिटांत पाणीच तुम्हांला उचलतं. ओहोटीत रुतण्याचा हिशेब उलटा आणि क्रूर आहे: भरतीनंतर जितक्या लवकर रुताल तितका वेळ जास्त. तासाभराने रुतलात तर पाणी परत त्या उंचीला यायला जवळजवळ साडेदहा तास. तीन तासांनी रुतलात तर साडेसहा. आणि उधाण उतरत असताना अगदी भरतीच्या माथ्यावर रुतलात तर पुढची भरती त्या उंचीला पोचतच नाही. होडी पुढच्या पौर्णिमा-अमावास्येपर्यंत तिथेच.

माझा तो रविवार वद्य प्रतिपदेचा होता, भरती दुपारी पाऊणची. मी निघालो अडीचला आणि सव्वातीनला एका वळणाच्या आतल्या अंगाला सेंटरबोर्ड रुतला. मी बोर्ड वर घेण्याऐवजी उतरून ढकलायचं ठरवलं. डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. चिखल गार होता, वरच्या चार बोटांखाली लोण्यासारखा, आणि पाय ओढला की खालून चुळूक करून हवा खेचायचा. बूट आतच राहिला. होडीचा काठ हातात होता म्हणून पोटावर पालथा होऊन कसाबसा आत आलो. तोवर होडीभोवती पाणी नव्हतं. शिंपल्यांसारखे बारीक खेकडे बिळांतून बाहेर येऊन हात हलवत होते. सहाच्या सुमारास आबांचा मुलगा लहान होडीतून धारेच्या कडेपर्यंत आला, माझ्यापासून शंभर पावलांवर, आणि थर्मास उंच धरून ओरडला, "आबांनी पाठवलाय! कसा देऊ?" देता आलाच नाही. तरंगलो रात्री पावणेअकराला.

तर, रुतलात की पहिल्या अर्ध्या मिनिटात बोर्ड वर, शीट मोकळी, वजन खोल पाण्याच्या बाजूला, आणि ज्या दिशेने आलात त्या दिशेला वल्ह्याने रेटा. एवढ्याने सुटली नाही तर थांबा. उतरू नका. नांगर धारेच्या बाजूला फेका, म्हणजे पाणी परत येईल तेव्हा होडी आणखी आत सरकणार नाही. घरी कळवा. टोपी चढवा, पाणी पुरवून प्या.

वारा पडला तर घाबरायचं कारण नाही. ओहोटी तासाला दोन-तीन किलोमीटरने तुम्हांला धक्क्याकडेच नेतेय. वल्ह्याने फक्त नाळ सरळ आणि होडी धारेत ठेवा. भीती एकच, धक्का चुकून पुढे निघून जाण्याची. म्हणून धक्क्याच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला हळूहळू त्या काठाकडे सरकत राहा आणि नांगर पायाशी मोकळा ठेवा. खारा वारा लवकर सुटला आणि लाटांच्या टोकांना पांढरा फेस दिसू लागला तर शीड आधीच कमी करा. गरज वाटली की कमी करू, असं म्हणाल तर तेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात.

धक्क्याला लागताना

बहुतेक ओरखडे इथेच पडतात. नवशिका वाऱ्याकडे बघून धक्का धरायला जातो. बघायचं पाण्याकडे. ओढ पश्चिमेला असेल तर धक्क्याच्या थोडं खाली जा, वळा आणि ओढीकडे तोंड करून वर या. म्हणजे शीट सोडली की होडी आपोआप थांबते. मतलई वारा अजून असेल तर तोही समोरून येतो, काम सोपं. पण खारा वारा सुटला असेल तर तो आता पाठीमागून येणार, शीड मोकळं करूनही होडी ढकलत राहणार. अशा वेळी धक्क्याच्या आधी पन्नास मीटरवर शीड पूर्ण उतरवा आणि वल्ह्यावर या. धक्क्यावरच्या पोरांसमोर शिडावर लागायची हौस मलाही आहे. नाळेवरच्या फायबरच्या तीन ठिगळांत ती दिसते.

आधी ओढीकडच्या बाजूची दोरी बांधा; ओढीकडे तोंड करून लागलात तर ती नाळेचीच. ओहोटीला होडी बांधताना दोरी सैल ठेवा, नाहीतर दुपारी होडी धक्क्याला लोंबकळलेली सापडेल.

मग गोड्या पाण्याने शीड, कप्प्या आणि दोऱ्या धुऊन सावलीत वाळवा, फ्रिजवरच्या कागदासाठी घरी फोन करा आणि वही उघडा. माझ्या वहीत एका फेरीला एक ओळ असते. उदाहरणार्थ: "मार्गशीर्ष वद्य द्वादशी. कोष्टक ९:०५. धक्क्यावर पाणी थांबलं ९:१५, धारेत ९:४०. सोडण ७ सेकंद. मतलई पडला ९:५०. तिसऱ्या वळणावर उत्तरेला नवा चिखल, दोन खुंट वाढले. आबांकडे चहा, धक्क्यावर."